खाडीकाठच्या गावाचा तीस वर्षांचा आराखडा : समुद्रपातळी किती वाढेल ते धरून कामाला कुठून लागायचं?

कोथरूड_ग्रामस्थ (प्रश्न)

नमस्कार. आमच्या गावाचं पुण्यात ग्रामस्थ मंडळ आहे. गाव श्रीवर्धन तालुक्यात. पश्चिमेला वाळूची पुळण, दक्षिणेला खाडी. ग्रामसभेने ठराव केला आहे की समुद्राची वाढती पातळी धरून पुढच्या तीस वर्षांचा आराखडा करायचा आणि तांत्रिक बाजू पुण्याच्या मंडळाने बघायची.

गावाची माहिती अशी : घरं साधारण 180, त्यातली 40 पुळणीलगतच्या वाड्यांमध्ये. खाडीकडे 22 हेक्टर खार जमीन, तिला 1100 मीटर मातीचा बांध आणि दोन उघाड्या (शेतातलं पाणी खाडीत सोडणारी झडपेची दारं). सार्वजनिक विहिरी 6, त्यातल्या दोन एप्रिलनंतर मचूळ होतात. शाळा, अंगणवाडी आणि विजेची डीपी खाडीच्या रस्त्यावर, सखल भागात.

गावात दोन मतं आहेत. पहिलं असं की पुळणीवर धूपप्रतिबंधक बंधारा मागावा आणि खाडीचा बांध मीटरभर उंच करावा, बाकी काही नको. दुसरं असं की समुद्र वर्षाला तीन-चार मिलिमीटरने वाढतो, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला. इंटरनेटवरच्या नकाशांत मात्र अर्धं गाव निळं दाखवतात. किती वाढ धरायची, काय आधी करायचं आणि पैसा कुठे वाया जातो, हे कृपया नेमकं सांगा.

---

तलांक

ते निळे नकाशे सभेत दाखवू नका. त्यातले बहुतेक नकाशे उपग्रहाच्या उंचीवर बेतलेले असतात आणि त्या उंचीत काही मीटरची चूक असू शकते. नारळाच्या वाडीत तर उपग्रहाला झाडाचा शेंडा दिसतो आणि तो त्यालाच जमीन धरतो. 30 सेंटिमीटरचा प्रश्न मीटरच्या पट्टीने सुटत नाही.

वाढीचा आकडा. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल तज्ज्ञगटाच्या 2021 च्या अहवालानुसार 1901 ते 2018 या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी 20 सेंटिमीटर वाढली, आणि 2006 ते 2018 मध्ये वाढीचा वेग वर्षाला 3.7 मिलिमीटर होता. 1995-2014 च्या सरासरीच्या वर, शतकाच्या अखेरीस उत्सर्जन फार कमी राहिलं तर 28 ते 55 सेंटिमीटर, फार जास्त राहिलं तर 63 ते 101 सेंटिमीटर. तीस वर्षांच्या कामाला 30 सेंटिमीटर धरा आणि तेच गणित 60 वर तपासून बघा. शाळेची नवी इमारत किंवा पूल अशी जी वस्तू साठ-सत्तर वर्षं उभी राहणार, तिला 1 मीटर धरा.

'वर्षाला तीन-चार मिलिमीटर' म्हणणाऱ्यांचा आकडा बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. उधाणाचं (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीचं) पाणी आज रस्त्याच्या कडेपासून 20 सेंटिमीटर खाली थांबत असेल, तर वर्षातून एखाद्या वेळी वाऱ्याने ढकललं की ते रस्त्यावर येतं. तेवढीच 20 सेंटिमीटर पातळी कायमची वाढली की दर मोठ्या उधाणाला येणार. पातळी सावकाश वाढते, पण बुडण्याच्या वेळा झपाट्याने वाढतात. त्याच अहवालात म्हटलं आहे की शंभर वर्षांत एकदा येणारं पाणी 2100 पर्यंत जगातल्या निम्म्याहून जास्त भरतीमापक ठिकाणी दरवर्षी येऊ लागेल.

आता काम. सगळ्यात आधी गावात एकच शून्य ठरवा. शाळेच्या किंवा देवळाच्या दगडी जोत्यावर छिन्नीने खूण कोरा आणि गावातली प्रत्येक उंची त्या खुणेपासून मोजा. भारतीय सर्वेक्षण विभागाचा बेंचमार्क (उंची माहीत असलेली पक्की खूण) जवळ असेल तर खूण त्याला जोडून घ्या. पण तो मिळेपर्यंत काम अडवू नका, गावापुरती सापेक्ष उंची पुरते. मोबाइलच्या जीपीएसची उंची इथे निरुपयोगी आहे. भारी जीएनएसएस (उपग्रहांवरून मोजणारं) यंत्र आणलं तरी ते देतं ती लंबगोलावरची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची उंची. कोकण किनाऱ्यावर ती आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांत 60 मीटरहून जास्त फरक असतो, तो दुरुस्त केला नाही तर सगळा तक्ता फुकट.

साधी ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) आणि दोन पट्ट्या बस आहेत. पुण्यातल्या कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सर्वेक्षण प्रयोगशाळेत मिळतील, दोन विद्यार्थी बरोबर न्या. निघालेल्या खुणेवर परत येऊन फेरा बंद करा. किलोमीटरमधल्या अंतराचं वर्गमूळ गुणिले 12 मिलिमीटर, एवढी चूक चालते. म्हणजे 2 किलोमीटरच्या फेऱ्याला 17 मिलिमीटर. त्याहून जास्त आली तर फेरा पुन्हा करा. उंच्या घ्यायच्या त्या : बांधाचा माथा दर 20 मीटरला, दोन्ही उघाड्यांचे उंबरे, विहिरींचे काठ, सखल घरांची जोती, डीपीचा चौथरा, संडासांच्या टाक्यांची झाकणं, रस्त्याचे सगळ्यात सखल बिंदू.

दुसरं, भरतीपट्टी. धक्क्याच्या खांबाला सेंटिमीटरच्या खुणांची पट्टी ठोका आणि तिचं शून्यही त्याच खुणेशी जोडा. लाटांमुळे आकडा हलतो म्हणून शेजारी 110 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप उभा करा. तळ बंद, बुडाजवळ 10 मिलिमीटरचं एकच भोक. आतलं पाणी संथ राहतं. रात्रीच्या भरतीसाठी बारीक पारदर्शक नळीत चिमूटभर बुचाचा भुसा टाकून ठेवा. पाणी सर्वांत वर जिथे पोचतं तिथे भुश्याची रेघ चिकटून राहते. सकाळी वाचायची, पुसायची, पुन्हा ठेवायची. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे चार दिवस वर्षभर नोंदले की पुरे.

भरतीच्या तक्त्याबद्दल एक सांगतो, कारण ही चूक सरकारी अहवालांतही दिसते. तक्त्यात 4.6 मीटर लिहिलं म्हणजे समुद्रसपाटीपासून 4.6 मीटर नव्हे. तक्त्याचं शून्य नीचतम ओहोटीच्या आसपास असतं. मुंबईत अपोलो बंदराला मध्य समुद्रपातळी त्या शून्याच्या सुमारे 2.5 मीटर वर आहे. म्हणजे 4.6 चं उधाण जमिनीच्या नकाशावर सुमारे 2.1 मीटरला येतं. शिवाय दक्षिणेकडे भरतीचा पल्ला कमी होत जातो, आणि खाडीत आत गेल्यावर भरतीची वेळ व उंची दोन्ही बदलतात. म्हणून मुंबईचा आकडा तुमच्या खाडीला लावू नका, तुमची पट्टी हाच खरा आकडा.

दोन-तीन वर्षांच्या नोंदीवरून 'समुद्र वाढला' किंवा 'वाढलाच नाही' असं म्हणू नका. चंद्राच्या कक्षेच्या 18.6 वर्षांच्या फेऱ्यामुळे उधाणांची उंची आपोआप काही सेंटिमीटर मागेपुढे होते.

---

खाजणमाती

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. मी फक्त खार जमीन आणि बांधाबद्दल लिहितो.

बांध मीटरभर उंच करणं हे पहिलं काम नाही. तुमची जमीन आधी उघाडीवर अडेल, आणि तेही उधाणात नाही, भांगात, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीत. सभेत हे समजावून सांगा, कारण सगळ्यांचं लक्ष उधाणाकडे असतं.

उघाडीची झडप आतल्या पाण्यापेक्षा खाडी खाली गेली की उघडते आणि भरती चढली की मिटते. उदाहरणाला आकडे घेऊ, सगळे एकाच शून्यावरचे. शेतातलं पाणी 1.7 मीटरला, खाडीची मध्यपातळी 2.3 मीटरला. उधाणात पाणी 0.6 ते 4.0 मीटर फिरतं. तेव्हा दर फेऱ्याला उघाडी साधारण पावणेपाच तास उघडी राहते. मध्यपातळी 30 सेंटिमीटर वाढली की हा वेळ चार तासांवर येतो. नुकसान आहे, पण निभावतं. आता भांग बघा. भांगात पाणी 1.5 ते 3.1 मीटर एवढंच फिरतं, आज उघाडी पावणेतीन-तीन तास उघडते. 30 सेंटिमीटर वाढल्यावर ओहोटीसुद्धा 1.8 मीटरला थांबते, शेतातल्या पाण्याच्या वर. म्हणजे झडप उघडतच नाही. जुलैत भांगाचे चार दिवस पाऊस लागला तर पाणी शेतात कोंडून आवण (भाताची रोपं) कुजतं, आणि बांधाला कुठे ओरखडाही नसतो. अशा वेळी बांध उंच करून काही साधत नाही. उघाडीची दारं वाढवून, चर खोल करून आणि पावसाचं पाणी साठायला आत तळं ठेवून साधतं.

तेव्हा आधी उघाड्या. झडपेची लाकडी फळी कुजली, खालच्या उंबऱ्यावर शिंपले आणि गाळ बसला, बिजागरी गंजली, की झडप बोटभर उघडी राहते आणि प्रत्येक भरतीला खारं पाणी आत शिरतं. पावसाळ्याआधी आणि दसऱ्यानंतर उंबरा खरवडून साफ करायचा. झडपेच्या कडेला रबराची पट्टी, खिळे-बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या. बाहेरची चर गाळाने भरली असेल तर झडप कितीही चांगली असो, पाणी जायला वाट नाही. नवी दारं बसवताना उंबरा फार खाली नेण्याचा मोह होतो. खाडीच्या गाळाच्या पातळीखाली उंबरा नेला तर वर्षभरात बुजतो.

बांध. माती खाडीकडच्या पायथ्याशी खणू नका, निदान पाच-सात मीटर लांबून आणा. पायथ्याशी खड्डा केला की त्यात पाणी भरतं आणि पुढच्या उधाणाला बांध त्यात घसरतो. थर 20-25 सेंटिमीटरचा, ओलसर, धुम्मस करून. खाडीकडे उतार 1:3, आत 1:2, माथा किमान 2 मीटर. नवी माती बसते म्हणून हव्या त्या उंचीच्या दहा टक्के जास्त भरा. उंची ठरते ती तुम्ही मोजलेल्या सर्वांत मोठ्या पाण्यावर वाढीचे 30 सेंटिमीटर, वर लाटेसाठी आणि सुरक्षिततेसाठी मिळून 60 ते 90 सेंटिमीटर. पिचिंगला (उताराच्या दगडी अस्तराला) काळा दगड आणि त्याखाली जाड जिओटेक्सटाइल, म्हणजे माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड. ते नसेल तर दगडाच्या सांध्यांतून माती धुऊन जाते, दगड आत बसतो, आणि बाहेरून अभंग दिसणारा बांध आतून पोकळ होतो.

फुटण्याची कारणं बहुतेक तीनच असतात. खेकड्यांची आणि उंदरांची बिळं. उघाडीच्या दगडी भिंतीला लागून मातीत पडलेली फट. आणि माथ्यावरचा एखादा सखल तुकडा, जिथून पाणी आधी ओसंडतं आणि आतला उतार कापत जातं. तलांक यांनी दर 20 मीटरला उंची घ्यायला सांगितलं ते याच तुकड्यासाठी. 1100 मीटर बांध मीटरभर उंच करण्यापेक्षा सखल तुकडे भरून माथा एका पातळीत आणणं कितीतरी स्वस्त पडतं, आणि खांड (बांधाला पडणारं भगदाड) बहुतेक तिथेच जाते.

खांड गेलीच तर ती भांगात बुजवायची, उधाणात हात घालायचा नाही. पोती, बांबू, माती सगळं दोन्ही टोकांना आधी जमवा. मग दोन्ही तोंडं आधी पक्की करा आणि मग आत सरका. तोंडं मोकळी ठेवून मधे भरलं की उरलेल्या फटीतून पाण्याचा जोर वाढतो आणि खांड खोल जाते.

आणि खांड पडून ठेवू नका. खारं पाणी येत-जात राहिलं की दोन-तीन पावसाळ्यांत तिवर (खारफुटीचं झाड) रुजतो. एकदा कांदळवन उभं राहिलं की ते तोडता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाचा 2018 चा निकाल आणि सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्राचे नियम) दोन्ही आड येतात, आणि तेच योग्य आहे. मग बांध दुरुस्तीलाही परवानगीची मोठी वाट. म्हणून गावाने आधीच ठरवावं : कुठला बांध आठ दिवसांत बुजवायचा आणि कुठला तुकडा समजून-उमजून खाडीला द्यायचा.

---

गोडंपाणी

विहिरींचं गणित. किनाऱ्यावर गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं. समुद्रपातळीच्या वर गोडं पाणी जेवढं उभं असतं त्याच्या सुमारे 40 पट खोलीपर्यंत खाली गोडं असतं. विहिरीत पाणी समुद्राच्या वर 50 सेंटिमीटर असेल तर खाली वीसेक मीटर गोडं. समुद्र 30 सेंटिमीटरने वाढला आणि गोडं पाणी तेवढंच वर उचललं गेलं नाही, तर हिशेब 20 सेंटिमीटरचा, म्हणजे 8 मीटरचा उरतो. हे वाळूच्या थराला नीट लागू पडतं. जांभा आणि काळ्या खडकात पाणी भेगांतून फिरतं, तिथे ते ढोबळ समजा.

पण तुमच्या दोन विहिरी एप्रिलनंतर मचूळ होतात त्याचं पहिलं कारण बहुधा समुद्र नसून पंप आहे. उपशाने पातळी 25 सेंटिमीटर उतरली की खालचं खारं पाणी शंकूसारखं 10 मीटरपर्यंत वर चढू शकतं. रहाट दिवसभर थोडं थोडं पाणी काढायचा, विहिरीला सावरायला वेळ मिळायचा. 3 एचपीचा पंप अर्ध्या तासात तेवढंच पाणी ओढतो. उपाय : अर्ध्या ते एक एचपीचा पंप, रोज दोन-तीन वेळा थोडा थोडा, आणि फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या नळीच्या तोंडाची झडप) तळाशी न ठेवता पाण्याच्या पृष्ठभागाखाली हात-दोन हात. साठवण वरच्या टाकीत करा.

खारं झालं म्हणून विहीर खोल करणं किंवा शेजारी बोअर मारणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. खाली खारंच आहे. नवी विहीर हवी असेल तर ती समुद्रापासून आत, गावाच्या चढाला, आणि उथळ.

मोजणीला चालकतामापक (पाण्याचा खारेपणा दाखवणारं यंत्र) घ्या. प्रत्येक विहिरीत दोन खोलींवर, पृष्ठभागाजवळ आणि तळाजवळ, महिन्यातून एकदा आणि शक्यतो ठरावीक भरतीच्या वेळी. तळाचा आकडा वरच्या आकड्याच्या कितीतरी आधी चढू लागतो. तोच तुमचा इशारा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर 1000 आहे. तळाच्या पाण्यातलं क्लोराइड 250 ओलांडू लागलं की त्या विहिरीचा उपसा निम्मा करायचा, असा नियम ग्रामसभेत लिहून घ्या.

कौलांचं पाणी पन्हळीने गाळणीतून विहिरीच्या बाजूच्या शोषखड्ड्यात सोडा, थेट विहिरीत नको. 100 चौरस मीटर छपरावर 3000 मिलिमीटर पावसात 3 लाख लिटर पडतं, निम्मं मुरलं तरी खूप झालं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय पुण्यातच शिवाजीनगरला आहे. तुमच्या पाणलोटातल्या निरीक्षण विहिरींच्या जुन्या पातळ्या तिथे मागा. मंडळाला एका सकाळचं काम आहे.

संडासांकडेही बघा. भूजल वर आलं की शोषखड्डे भरून राहतात आणि तेच पाणी विहिरीत उतरतं. खड्ड्याचा तळ आणि पावसाळ्यातलं भूजल यांत दोन मीटर अंतर राहत नसेल तिथे शोषखड्डा बंद करून सीलबंद टाकी बसवा, नाहीतर उंचवट्यावर न्या.

---

मर्यादवेल

पुळणीबद्दल. बंधारा मागण्याआधी पुळण खरंच मागे सरकते आहे का, हे मोजा. पावसाळ्यात वाळू पाण्याखाली जाऊन दांडे करते आणि थंडीत परत येते. सप्टेंबरात फोटो काढून 'पुळण गेली' म्हणणं चुकीचं. मे महिन्याची तुलना मे महिन्याशीच करा. साधन फुकट आहे : सारख्या उंचीच्या, सेंटिमीटरच्या खुणा असलेल्या दोन काठ्या. एक वर, एक समुद्राकडे दीड मीटरवर उभी करायची. वरच्या काठीमागे उभं राहून खालच्या काठीचा माथा आणि क्षितिज एका रेषेत धरायचं. ती रेषा वरच्या काठीला माथ्यापासून जिथे छेदते तेवढा उतार त्या दीड मीटरमध्ये. पाण्यापर्यंत असंच उतरायचं. वाड्यांच्या गडग्यावर चार जागा रंगाने ठरवा आणि दरवर्षी त्याच ओळीत मोजा.

राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राच्या 1990 ते 2018 च्या नोंदीत महाराष्ट्राचा सुमारे चतुर्थांश किनारा धुपतो आहे. म्हणजे उरलेला स्थिर आहे किंवा वाढतो आहे. तुमचा कुठल्या गटात, हे कळल्याशिवाय भिंत मागू नका. भिंत लाट परतवते, परतलेली लाट पायथ्याची वाळू उचलते, पुळण खाली जाते, पाणी खोल होतं, आणि भिंतीच्या दोन्ही टोकांना शेजारच्या वाड्या धुपायला लागतात. चाळीस घरांना वाचवताना पुढच्या वाडीतली दहा जातात, आणि होड्या ओढायला जागा उरत नाही.

तरीही कुठे दगड टाकावाच लागला तर वजन नीट काढा. उथळ पाण्यात लाटेची उंची खोलीच्या सुमारे 0.8 पट असते. उधाणात पायथ्याशी 2.5 मीटर पाणी म्हणजे 2 मीटरची लाट. 1:2 उतारावर तिला साधारण 1.3 टनाचा दगड लागतो. पाणी अर्ध्या मीटरने वाढलं, लाट 2.4 मीटर झाली, की तोच दगड 2.3 टनाचा हवा, कारण वजन लाटेच्या उंचीच्या घनाने वाढतं. आज बेतास बात घेतलेला दगड वीस वर्षांनी गडगडतो तो यामुळे. जांभा चालत नाही, हलका आणि ठिसूळ. खाली जिओटेक्सटाइल, त्यावर वरच्या दगडाच्या दहाव्या हिश्श्याचा थर, मग दोन थर मोठे दगड, आणि पायथा वाळूत पुरेसा खोल. निविदेत पायथ्याची खोली लिहिलेली नसेल तर सही करू नका. आराखडा खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राकडून तपासून मागण्याचा आग्रह धरा. किनाऱ्याच्या कामांच्या प्रतिकृती तिथे होतात.

भिंतीऐवजी पहिली ओळ वाळूची ठेवा. झावळ्यांचं मीटरभर उंच कुंपण, निम्मं मोकळं असं, उधाणाच्या रेषेच्या वर, वाऱ्याला आडवं. दाट विणलं तर वारा उलटतो आणि पायाची वाळूच उडते. कुंपणाने ढीग धरला की त्यावर मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा, मागे केवडा. मर्यादवेलीचे हातभर तुकडे दोन पेरं वाळूत पुरून पहिल्या पावसात लावायचे. सुरूची दाट लागवड मी सुचवणार नाही. त्याच्या पाल्याखाली वेल वाढत नाही, मुळं वरवर राहतात, आणि जून 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनच्या पट्ट्यात किती झाडं आडवी झाली ते तालुक्याने पाहिलं आहे. ट्रॅक्टरने वाळू नेणं आणि पर्यटकांच्या गाड्या पुळणीवर येणं आधी बंद करा. दोन चाकोऱ्यांनी वर्षभराची वेल मरते.

---

कोथरूड_ग्रामस्थ

सर्वांचे आभार. दोन शंका. खार जमिनीचा तुकडा 'खाडीला द्यायचा' म्हटलं की सभा उठून जाईल, सातबारा लोकांच्या नावावर आहे. आणि पुळणीलगतच्या चाळीस घरांना काय सांगायचं?

---

खाजणमाती

सगळे 22 हेक्टर सोडायला कोणी सांगत नाही. उंच्या घेतल्यावर सगळ्यात सखल, उघाडीजवळचे चार-पाच हेक्टर वेगळे दिसतील, जिथे आजही भात तीन वर्षांतून एकदाच नीट येतं. तिथे आतला दुसरा बांध घाला, आखूड आणि थोडा उंचावर. पुढचा बांध तुटला तरी मागचे सतरा हेक्टर सुकेच. मधल्या पट्ट्यात जिताडा किंवा खेकडा करता येतो. कांदळवन कक्षाची उपजीविका योजना 2017 पासून आहे, तिच्यात याच गोष्टी बसतात. ज्यांची जमीन पट्ट्यात जाते त्यांना मत्स्यशेतीत क्षेत्राच्या प्रमाणात वाटा, हा करार बांध तोडायच्या आधी लिहून ठेवा. बांध तोडल्यावर लिहायला कोणी बसत नाही.

मागच्या शेतासाठी पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राकडून पनवेल-1, 2, 3 यांपैकी बियाणं घ्या. खारं पाणी शिरलेल्या शेतात पहिल्या पावसाचं पाणी दोन-तीनदा भरून उघाडीतून सोडा, मगच आवण लावा. जिप्समच्या पोत्यांची घाई नको, आधी माती तपासा. आपल्याकडच्या पावसात मीठ धुऊन जातं, फक्त वाट मोकळी हवी.

---

पायरी_जोतं

घरांबद्दल. 'उठा' म्हणून सांगायचं नाही, पण पुढचं बांधकाम कुठे हे आजच ठरवायचं. कोकणातलं घर तीस-चाळीस वर्षांनी मोठ्या दुरुस्तीला येतंच. तेव्हा ते मागे सरकवायचं. त्यासाठी मागे जागा लागते, आणि ती आता राखून ठेवली नाही तर तोवर तिथे कोणाचं तरी लॉज उभं असेल. गावठाण विस्ताराचा प्रस्ताव चढाकडे आत्ताच द्या. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाण मोजलं असेल तर नकाशा तयार मिळेल.

सीआरझेडच्या 2019 च्या अधिसूचनेत ग्रामीण भागाचे दोन गट आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला 2161 हून जास्त वस्ती असेल तर भरतीरेषेपासून 50 मीटर ना-विकास पट्टा, नसेल तर 200 मीटर. खाडीला 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यांत जे कमी ते. अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती आणि त्याच जोत्यावर पुनर्बांधणी करता येते. म्हणून घराच्या कागदांच्या प्रती आत्ताच जमवा, वादळानंतर ओल्या पेटीतून कोणी कागद काढू शकत नाही. भरतीरेषा मोजणीनकाशावर 1:4000 ला आखलेली असते. ती तुमच्या पुळणीच्या मापाशी जुळते का बघा.

पुनर्बांधणीत जोतं मोजलेल्या सर्वोच्च पाण्याच्या 60 सेंटिमीटर वर, मीटर आणि बोर्ड जमिनीपासून दीड मीटरवर, खालची फुटभर भिंत जांभ्याच्या चिऱ्याऐवजी काळ्या दगडाची. चिऱ्यात खारं पाणी केशाकर्षणाने चढतं, क्षार फुगतात आणि गिलावा फोडतात, म्हणून जोत्यावर ओल-प्रतिबंधक थर विसरू नका. डीपीचा चौथरा उचलणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी करायचं काम आहे. पाणी आलं की पंप, दवाखाना, मोबाइल टॉवर सगळं त्या एका खांबावर असतं.

पैसा. मातीकाम आणि किनारी लागवड रोजगार हमीतून, उघाड्यांसाठी खारभूमी विकास विभाग, आणि हे सगळं ग्रामपंचायत विकास आराखड्यात नावानिशी चढवलेलं हवं. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 साठी धुपीच्या उपायांना 1500 कोटी आणि धुपीने विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनाला 1000 कोटी सुचवले होते. म्हणजे पुनर्वसन हा शब्द सरकारी कागदात आहे, मागताना तो वापरा.

---

तलांक

आराखडा तारखांवर नको, खुणांवर बांधा. '2040 मध्ये शाळा हलवू' असं लिहिलं की कोणी हलवत नाही. लिहायचं ते असं : शाळेच्या रस्त्यावर वर्षात तीन वेळा पाणी आलं की नव्या जागेचं भूसंपादन सुरू, दहा वेळा आलं की वर्ग तिकडे. उघाडी सलग तीन भांगांत दोन तासांपेक्षा कमी उघडली की दार वाढवायचं. विहिरीच्या तळाचं क्लोराइड 250 ला गेलं की उपसा निम्मा. पुळणीची वाळूची रेघ गडग्यापासून दहा मीटरवर आली की त्या घराची मागची जागा नावावर करून द्यायची. काम उभं राहायला जेवढी वर्षं लागतात तेवढ्या आधीची खूण निवडा. शाळेला परवानग्यांसह पाच-सहा वर्षं लागतात, म्हणून तिची खूण लवकरची.

सगळ्या खुणा शाळेच्या भिंतीवर एका उभ्या पट्टीवर रंगवा, तुमच्या शून्यापासून : डीपी, अंगणवाडीचं जोतं, बांधाचा सखल तुकडा, निसर्ग वादळातलं पाणी. शेजारी दर उधाणाची नोंद.

पहिल्या फेरीला न्यायचं सामान : ऑटो लेव्हल, तिवई, दोन पट्ट्या, छिन्नी, ऑइलपेंट, 110 चा पाइप, पारदर्शक नळी, बुचाचा भुसा, चालकतामापक. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पोचा, म्हणजे उंच्या घेऊन होईपर्यंत उधाण समोर असेल आणि पट्टीवरचा पहिला आकडा तुमच्या हातूनच लिहिला जाईल.